डर्बनची गोल्फ मैदाने: वाळू, पूर आणि परवाना

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील डर्बन हे हिंदी महासागराच्या उबदार प्रवाहामुळे वर्षभर उबदार राहणारे बंदर असून, तेथील हिवाळा कोरडा आणि स्वच्छ उन्हाचा, तर उन्हाळा दमट आणि पावसाचा असल्यामुळे गोल्फसारख्या उघड्यावरच्या खेळाला तेथे बाराही महिने वाव मिळतो. अशा शहरात खेळण्यासाठी मैदान निवडताना जमीन कितपत पाणी धरते, ईशान्येकडून किंवा नैर्ऋत्येकडून येणारा वारा कोणत्या बाजूने अंगावर येतो आणि गवत किती दाट आहे, असे प्रश्न खेळाडूच्या मनात येणे स्वाभाविक असते. डर्बनच्या गोल्फचा इतिहास वाचताना मात्र हे प्रश्न सातत्याने दुसऱ्याच एका प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि तो प्रश्न म्हणजे कोणत्या माणसाला कोणत्या जमिनीवर पाऊल ठेवण्याची मुभा होती हा होय. विसाव्या शतकाचा बराच मोठा काळ या शहरात मैदान निवडण्याचा अधिकार गोऱ्या खेळाडूंपुरताच होता, आणि इतरांच्या बाबतीत ती निवड नगरपालिका, सरकार व कायदा यांनी आधीच करून ठेवलेली होती.

शहरातील सर्वात जुनी गोल्फ संस्था 1892 मध्ये स्थापन झाली आणि 1932 मध्ये तिला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. तिचे मैदान ग्रेव्हिल येथील घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीने वेढलेल्या सपाट भागात आहे, म्हणजे ज्या धावपट्टीवर ‘डर्बन जुलै’ ही प्रसिद्ध शर्यत होते, तिच्या आतल्या बाजूला गोल्फ खेळला जातो. सखल आणि सपाट असल्यामुळे या जमिनीत पावसाचे पाणी साचून राहते, शिवाय झाडांचा आडोसा कमी असल्याने वारा मोकाट फिरतो. 1919 ची दक्षिण आफ्रिका ओपन, म्हणजे व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही खेळाडूंना खुली असलेली राष्ट्रीय स्पर्धा, येथे झाली तेव्हा मैदान पाण्याने इतके भरले की स्पर्धेची पुरती दुर्दशा झाली, आणि यापुढे राष्ट्रीय स्पर्धा डर्बनला मिळवायची असेल तर पाण्याचा निचरा होणारी वेगळी जमीन शोधली पाहिजे, असे शहरातील प्रतिष्ठितांच्या लक्षात आले.

ती जमीन उमगेनी नदीच्या मुखाच्या दक्षिणेस, समुद्राला लागून असलेल्या वाळूच्या टेकड्यांवर सापडली. दाट झुडपांनी झाकलेल्या या टेकड्या साफ करून लॉरी वॉटर्स आणि जॉर्ज वॉटरमन यांनी मैदानाची आखणी केली आणि 1922 मध्ये डर्बन कंट्री क्लब सुरू झाला. वॉटर्स हे स्कॉटलंडहून आलेले व्यावसायिक खेळाडू होते, आणि दक्षिण आफ्रिकेतील गोल्फची पायाभरणी करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते. वाळूच्या टेकड्यांचा चढउतार त्यांनी सपाट करून टाकला नाही, उलट त्यालाच खेळाचा मुख्य अडथळा बनवले, आणि म्हणूनच या मैदानावर एक होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा, उंच कड्यावरून खाली दरीसारख्या भागात उतरते, तर दुसऱ्यात ग्रीन, म्हणजे जेथे चेंडू खळग्यात ढकलायचा ती बारीक कापलेल्या गवताची जागा, एखाद्या उंचवट्यावर असे बसवलेले दिसते की थोडासा चुकलेला चेंडू कोणत्या तरी उतारावरून खाली घरंगळतो. बारावे होल अंतराने छोटे असूनही याच कारणाने कुप्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या युवराजाने विसाच्या दशकातील आपल्या भेटीत ग्रीनच्या एका उतारावरून दुसऱ्या उतारावर चेंडू टोलवत या एका होलवर तब्बल 16 फटके खर्च केले असे सांगितले जाते, आणि तेव्हापासून ते होल त्यांच्याच नावाने ओळखले जाते. 1924 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा या मैदानावर आली, त्यानंतर ती वारंवार तेथे येत राहिली, आणि गॅरी प्लेअर यांनी आपले पहिले दक्षिण आफ्रिका ओपन 1956 मध्ये येथेच जिंकले.

खेळाच्या दृष्टीने हा इतिहास वाळूने पुरावर मिळवलेल्या विजयाचा आहे, आणि क्रीडाग्रंथांमध्ये तो बहुधा एवढाच सांगितला जातो. परंतु उमगेनीच्या दुसऱ्या काठावरून पाहिल्यास त्याच जमिनीचा अर्थ बदलतो. 1860 च्या नोव्हेंबरमध्ये मद्रासहून ‘ट्रुरो’ हे जहाज डर्बनला लागले आणि तेव्हापासून 1911 पर्यंत सुमारे 1 लाख 52 हजार भारतीय मजूर करारावर नाताळ वसाहतीत, मुख्यतः उसाच्या मळ्यांवर, आणले गेले. कराराची मुदत संपल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी उमगेनीच्या काठची गाळाची, पुराखाली जाणारी जमीन भाडेपट्ट्याने किंवा विकत घेऊन तेथे भाजीपाला पिकवला, कारण चढावरची हवेशीर जमीन गोऱ्यांच्या वस्त्यांनी व्यापलेली होती. नदीमुखाच्या उत्तरेस रिव्हरसाइड ही भारतीयांची अशीच एक वस्ती उभी राहिली. 1895 मध्ये कोकणातून डर्बनला आलेले सूफी साधू गुलाम मुहम्मद यांनी उभारलेली मशीद याच वस्तीत आहे आणि त्यांची दर्गाहही तेथेच आहे, त्यामुळे मराठी मुलुखाशी या काठाचे एक जुने नाते जुळते. नदीच्या एका काठावर सभासदांसाठी वाळूच्या टेकड्या आणि दुसऱ्या काठावर भाजीच्या वाफ्यांशेजारी पत्र्याची घरे, अशी ही मांडणी होती, आणि त्या घरांतील मुले पोटासाठी जवळच्या बीचवुड क्लबमध्ये कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहून नेण्याचे, काम करत.

कॅडीचा व्यवसाय हा वसाहतीतील गोल्फचा आधार होता, आणि त्याच्याकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यायला हवे. मैदानाचा प्रत्येक उतार, गवताची दिशा, कोणत्या अंतराला कोणती काठी लागते हे सर्व ज्ञान या मुलांना सभासदांपेक्षा अधिक असे, कारण ती रोज त्याच वाटेने चालत, आणि तरीही ते ज्ञान त्यांना स्वतःच्या खेळासाठी त्या मैदानावर उघडपणे वापरता येत नसे. भारतीय खेळाडूंच्या वाट्याला करीज फाउंटन येथील क्रीडांगणावरील छोटेसे मैदान आले. हे क्रीडांगण डर्बनच्या भारतीय समाजाच्या फुटबॉलचे आणि सभांचे केंद्र होते, आणि तेथेच त्यांनी स्वतःच्या संघटना व स्पर्धा उभ्या केल्या. जागेची ही टंचाई अपघाताने निर्माण झालेली नव्हती. डर्बनच्या नगरपालिकेने वंशानुसार वस्त्यांची विभागणी करण्याचे धोरण राष्ट्रीय कायद्याच्या आधीपासूनच आखले होते, 1946 मध्ये भारतीयांच्या जमीनखरेदीवर बंधने घालणारा कायदा आला आणि त्याविरुद्ध डर्बनमध्ये सत्याग्रह झाला, आणि 1950 च्या समूह क्षेत्र कायद्याने, म्हणजे शहराचा प्रत्येक भाग एकेका वंशासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्याने, ही विभागणी देशभर सक्तीची केली. या कायद्याचा एक परिणाम असा झाला की दुसऱ्या वंशासाठी राखलेल्या इमारतीत थांबणे, बसणे किंवा जेवणे यांसाठीही सरकारी परवाना लागू लागला.

या पार्श्वभूमीवर सेवसंकर सेवगोलम, ज्यांना सारे डर्बन पापवा या नावाने ओळखत असे, त्यांचे जीवन समजून घ्यावे लागते. 1930 च्या आसपास रिव्हरसाइडच्या गरीब घरात जन्मलेले पापवा लहानपणी झाडाच्या फांदीच्या काठीने चेंडू मारायला शिकले आणि पुढे बीचवुडमध्ये कॅडी झाले. कोणी शिकवणारे नसल्यामुळे त्यांची काठी धरण्याची रीत सर्वस्वी स्वतःची होती. उजव्या हाताने खेळणारा माणूस सामान्यतः डावा हात वर आणि उजवा हात खाली ठेवतो, पापवा मात्र नेमके उलट, उजवा वर आणि डावा खाली ठेवत, आणि जाणकारांना अशक्य वाटणाऱ्या या पकडीतून ते अत्यंत सरळ आणि अचूक फटके मारत. ‘ऑइल ऑफ ओले’ या त्वचेच्या मलमाचे निर्माते ग्रॅहम वुल्फ यांच्याकडे ते नोकरीस होते, आणि 1959 मध्ये वुल्फ त्यांना युरोपात घेऊन गेले. त्याच वर्षी त्यांनी डच ओपन जिंकली, 1960 आणि 1964 मध्ये ती पुन्हा जिंकली, आणि 1963 च्या ब्रिटिश ओपनमध्ये ते संयुक्त तेराव्या स्थानावर राहिले. ज्या माणसाला स्वतःच्या शहरातील चांगल्या मैदानांवर पैसे भरूनही खेळता येत नव्हते, तो हॉलंडच्या मैदानांवर सर्वांशी बरोबरीने खेळत होता आणि जिंकत होता, ही गोष्ट कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

परदेशातील यशामुळे त्यांना मायदेशी काही निवडक स्पर्धांपुरते परवाने मिळू लागले, आणि 1963 च्या प्रारंभी डर्बन कंट्री क्लबवर झालेली नाताळ ओपन त्यांनी गोऱ्या व्यावसायिकांना मागे टाकून जिंकली. परवाना मैदानापुरता होता, क्लबच्या इमारतीपुरता नव्हता, म्हणून स्पर्धेच्या काळात त्यांना सभासदांच्या खोल्यांबाहेरच राहावे लागले आणि विजेत्याचा चषकही त्यांनी इमारतीबाहेर, पावसात स्वीकारला. या प्रसंगाच्या पुढील कथनांमध्ये फरक आढळतो. काही ठिकाणी चषक खिडकीतून दिल्याचे सांगितले जाते, काही ठिकाणी दारासमोर दिल्याचे, परंतु पावसात उभ्या असलेल्या विजेत्याचे छायाचित्र जगभर छापले गेले ही बाब निर्विवाद आहे, आणि दक्षिण आफ्रिकेवर क्रीडाबहिष्कार घालण्याची मागणी करणाऱ्यांना त्याने मोठे बळ दिले. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमधून दक्षिण आफ्रिका वगळली गेली, अर्थात त्यामागे इतरही अनेक कारणे होती. येथे एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे: या घटनेचा दोष एखाद्या क्लबच्या उद्धटपणावर टाकून मोकळे होणे अपुरे ठरते, कारण दार उघडणे हाच कायद्याने गुन्हा ठरवलेला होता, आणि त्याच वेळी त्या कायद्यामुळे मिळणारा मोकळेपणा सभासदांच्या पिढ्या निर्धास्तपणे उपभोगत होत्या.

1965 मध्ये पापवांनी नाताळ ओपन पुन्हा जिंकली, आणि या वेळी पराभूतांमध्ये गॅरी प्लेअर होते. त्याच वर्षी सरकारने सार्वजनिक खेळाच्या ठिकाणी वेगवेगळ्या वंशांच्या प्रेक्षकांनी एकत्र येण्यावरही बंधने घातली. थोड्याच अवधीत पापवांना देशातील प्रमुख स्पर्धा बंद झाल्या, पारपत्रही काढून घेण्यात आल्याने परदेशातील मैदानेही दुरावली, आणि ऐन उमेदीतील या खेळाडूची कारकीर्द तेथेच खुंटली. 1978 मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मधल्या काळात समूह क्षेत्र कायद्याने रिव्हरसाइडचीही वाताहत केली होती. ती वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाल्यावर बहुतेक भारतीय कुटुंबांना शहराबाहेरच्या वसाहतींमध्ये जावे लागले, आणि सूफी साधूंची मशीद व दर्गाह तेवढी जुन्या वस्तीची खूण म्हणून टिकून राहिली.

समूह क्षेत्र कायदा 1991 मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर डर्बनच्या सर्व मैदानांचे दरवाजे कायद्याने सर्वांना खुले झाले. रिझर्व्हॉयर हिल्स भागातील उमगेनीकाठचे नगरपालिकेचे मैदान आता पापवा सेवगोलम यांच्या नावाने ओळखले जाते, आणि 2003 मध्ये अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या काळात त्यांचा मरणोत्तर राष्ट्रीय गौरवही झाला. ज्या बीचवुडमध्ये त्यांनी पिशव्या वाहिल्या ते मैदान पुढे डर्बन कंट्री क्लबच्या ताब्यात आले. आज पाहुण्या खेळाडूला वाळूवरचे ऐतिहासिक मैदान, ग्रेव्हिलच्या धावपट्टीतील सपाट जमीन किंवा नदीकाठची स्वस्त सार्वजनिक मैदाने यांपैकी काहीही निवडता येते. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शहराच्या उत्तरेस जुन्या ऊसमळ्यांच्या जमिनीवर कुंपणाने बंदिस्त निवासी वसाहती उभ्या राहिल्या असून, माउंट एजकोम्ब आणि झिम्बाली येथे गोल्फचे मैदान हेच वसाहतीचे मुख्य आकर्षण आहे. ज्या मळ्यांवर करारी मजुरांनी ऊस तोडला त्याच पट्ट्यात आता फाटकावर ओळख पटवून प्रवेश मिळतो आणि आत राहण्याची किंमत फार थोड्यांना परवडते, तर पापवांचे नाव धारण करणाऱ्या मैदानाला पुराचा धोका, शेजारच्या झोपडवस्तीतील दारिद्र्य आणि देखभालीसाठी लागणारा पैसा या तिन्हींशी एकाच वेळी झुंजावे लागते.