‘रॅली’ : एका क्रियापदाचा इतिहास

‘रॅली’ हा इंग्रजी शब्द मराठी वाचकास परिचित आहे तो नाम म्हणून. मोठी सभा किंवा मिरवणूक एवढाच त्याचा अर्थ आपल्याकडे रूढ झाला. मुळांत मात्र तें रणांगणावरचें क्रियापद आहे. फ्रेंच भाषेंतून तें सतराव्या शतकांत इंग्रजींत रुळलें. त्याच्या पोटांत ‘पुन्हां’ या अर्थाचा उपसर्ग असून, त्यापुढील भागाचें मूळ बांधणें या अर्थाच्या ‘लिगारे’ या लॅटिन धातूपर्यंत जातें. ‘अलायन्स’ हा शब्द त्याच कुळांतला. थट्टा करणें या अर्थाचें ‘रॅली’ हें दुसरें क्रियापद दिसण्यांत जुळें असलें तरी त्याचें कूळ निराळें आहे.

तेव्हां केवळ एकत्र जमणें म्हणजे ‘रॅली’ नव्हे. जें एकदां जुळलेलें होतें तें तुटावें, आणि तुटलेलें पुन्हां जुळून त्यांत बळ यावें, असा त्या क्रियापदाचा पूर्ण आशय आहे. जुन्या काळच्या लढाईंत रांग मोडली कीं सैन्य उरत नसे, नुसती माणसें उरत. अशा वेळीं निशाण, नगारा किंवा ओळखीचा एखादा सरदार दिसला म्हणजे पळणारे पाय थबकत, आणि माणसांचें पुन्हां सैन्य होई.

अमेरिकेंतील यादवी युद्धांत याचें एक विख्यात उदाहरण घडलें. १९ ऑक्टोबर १८६४ रोजीं व्हर्जिनियांतील सीडर क्रीक येथें दक्षिणेचा सेनापति जुबल अर्ली यानें पहांटेच्या दाट धुक्यांत उत्तरेच्या छावणीवर अकस्मात् छापा घातला. उत्तरेचें सैन्य संख्येनें मोठें, परंतु झोपेंत सांपडलें. त्याचा मोठा भाग उधळला आणि चोवीस तोफा शत्रूच्या हातीं गेल्या. सेनापति फिलिप शेरिडन वॉशिंग्टनहून परततांना विंचेस्टर येथें मुक्कामास होता. सकाळीं तो घोड्यावर निघाला, तों वाटेंत त्याला आपलेच पळते शिपाई भेटूं लागले. त्यांना त्यानें माघारीं वळविलें, आणि साडेदहाच्या सुमारास रणभूमीवर पोंचून तो सैन्याच्या रांगेसमोरून दौडत गेला. दुपारीं चारच्या सुमारास प्रतिहल्ला झाला. गेलेल्या तोफा परत आल्या, शत्रूच्याहि हातीं लागल्या, आणि सकाळचा पराभव संध्याकाळीं विजय ठरला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीस तेव्हां तीन आठवडेहि उरले नव्हते. लिंकनच्या पक्षास या वार्तेनें मोठा धीर आला.

टॉमस ब्यूकॅनन रीड या कवीनें त्याच वर्षीं या दौडीवर कविता रचली, आणि विजयाचें सारें श्रेय घोडा व स्वार यांच्या पदरीं पडलें. इतिहास थोडें अधिक सांगतो. शेरिडन येण्यापूर्वींच गेटीची तुकडी मिडलटाउनजवळच्या टेकडीवर पाय रोवून लढली होती. त्याच्या अनुपस्थितींत सूत्रें सांभाळणाऱ्या होरेशिओ राइट यानें माघार थोपवून नवी रांग धरण्यास आरंभ केला होता. इकडे अर्लीचे कित्येक उपाशी शिपाई छावणीच्या लुटींत गुंतले, आणि त्याचा पाठलाग थंडावला. शेरिडनचा पराक्रम यामुळें लहान होत नाहीं. पण पुन्हां बांधण्यासाठीं कांहीं तरी न तुटलेलें शिल्लक असावें लागतें, हें मात्र स्पष्ट होतें.

इंग्रजी व्याकरणानेंहि हें जपलें आहे. हें क्रियापद सकर्मक आहे तसेंच अकर्मकहि आहे. सेनापति सैन्यास ‘रॅली’ करतो, आणि सैन्य स्वतःच ‘रॅली’ होतें. पुढें हाच अकर्मक प्रयोग रणाबाहेर पसरला : खालावलेला रोगी सुधारूं लागला, उतरलेले भाव पुन्हां चढूं लागले, तरी इंग्रज हेंच क्रियापद योजतो. सभेला तें नांव मिळालें तेंहि विखुरलेल्यांना एका निशाणाखालीं आणण्याच्या कल्पनेंतून.

मराठीनें सभा उचलली आणि ‘पुन्हां’ मागें राहिलें. तथापि त्या अर्थाला आपल्याकडे शब्दाची वाण नाहीं. ‘सांवरणें’ हें आपलें क्रियापदहि असेंच दुहेरी आहे : सरदारानें फौज सांवरली, आणि फौज सांवरली. पहिल्या वाक्यांत सरदाराचें नांव येतें, तें बखरींत व काव्यांत टिकतें. दुसऱ्या वाक्यांत कोणाचेंच नांव येत नाहीं. पण जे पाय मागें वळले ते त्याच वाक्यांत आहेत, आणि त्यांच्यावांचून पहिलें वाक्य खरें होत नाहीं.