'सांगता येत नाही' या उत्तराचा इतिहास

समजा तुम्ही आमच्या तेरखेड्यासारख्या गावातल्या माध्यमिक शाळेत प्रश्नावली घेऊन गेलात. विधान आहे, 'समलैंगिक मुलगा माझ्या बाकावर बसला तरी मला चालेल.' बऱ्याच मुलांनी 'सांगता येत नाही' यावर खूण केली, तर निष्कर्ष काय लिहाल? 'विद्यार्थी तटस्थ आहेत'? मी विज्ञान शाखेचा. आधी मीही तेच लिहिलं असतं. इतिहास वाचल्यावर मात्र ती घाई वाटते.

र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यात वाचक हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर प्रश्न विचारायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, असं त्यांनी मांडलं. तरी खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

म्हणजे विचारणारे मराठी लोक तेव्हाही होते. गुन्हा ठरलं ते उत्तर देणं.

शाळेतही फार वेगळं घडलं नाही. २००७ मध्ये राज्यात शालेय लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबवला गेला. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते पुन्हा लागू केलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला असे संबंध गुन्ह्यातून वगळले. कायदा बदलला, पण वर्गात काय बदललं? माझ्या वेळी प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडला होता. 'समलैंगिक' हा शब्द शाळेत कधी ऐकला नाही. 'बायल्या' मात्र रोज ऐकला.

म्हणून 'सांगता येत नाही' या एका खुणेत तीन वेगळी मुलं असू शकतात: शब्दच माहीत नसलेला, माहीत असून घाबरलेला आणि खरोखर मत न बनलेला. तिघांना एकाच आकड्यात मोजलं तर मोजमाप चुकलं.

यावर उपाय साधे आहेत. 'हा शब्द मला माहीत नाही' असा वेगळा पर्याय ठेवा. आधी आठ-दहा मुलांवर प्रश्नावली तपासून बघा. पालकांची परवानगी घ्या, मुलांचाही होकार घ्या. नाव नको, आणि लिहून उत्तरही नको, कारण छोट्या शाळेत अक्षर ओळखू येतं. मुलं कागद भरत असताना सर वर्गाबाहेर असू द्या.

आणि एक गोष्ट विसरू नका. तो कागद भरणाऱ्यांत एखादा असा असेल, की ते विधान त्याच्याबद्दलच आहे. आपल्या प्रश्नामुळे वर्गाच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, तर आपण परत येऊ, पण त्याला उद्या त्याच बाकावर बसायचं असतं.