टग सोबत कधी हवी?

तेलवाहू जहाजांचा इतिहास वाचताना मी १९७८च्या मार्च महिन्यापाशी हमखास थांबतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने प्युजेट साउंड या बेटांनी भरलेल्या खाडीसाठी १९७५ मध्ये कायदा केला होता. सव्वा लाख टनांहून अधिक क्षमतेच्या तेलवाहू जहाजांना बंदी, त्याहून लहान जहाजांच्या बांधणीवर अटी आणि त्या पुऱ्या होत नसतील तर सोबत टग बोटी. तेल कंपनी न्यायालयात गेली. ६ मार्च १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणि बांधणीच्या अटी रद्द केल्या. तो केंद्राचा अधिकार ठरला. टगचे कलम तेवढे वाचले, कारण तसा केंद्रीय नियमच नव्हता.

दहाच दिवसांनी, १६ मार्चला, फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ ‘अमोको कॅडिझ’चे सुकाणू सकाळी निकामी झाले. ‘पॅसिफिक’ ही जर्मन टग दुपारी पोहोचली. एकीकडे कराराच्या अटींवर घासाघीस, दुसरीकडे वादळी समुद्र. दोरखंड तुटला, दुसरा बांधला; तरी रात्री जहाज खडकांवर चढले. सुमारे सव्वादोन लाख टन तेल समुद्रात गेले.

ही टग मदतीला आली होती, सोबतीला नव्हती. माझ्या मते सारा फरक इथे आहे. भरलेले जहाज इंजिन थांबवले तरी पुढे सरकतच राहते आणि वेग उतरला की सुकाणूचा जोर जातो. सोबतीची टग जहाजाच्या पिछाडीला आधीच बांधलेली असते. गरज पडताच ती आपले अंग प्रवाहाला आडवे धरते. पाण्याचा दाबच दोरीतून ब्रेक आणि सुकाणू होतो.

हा धडा अलास्कात अर्धाच गिरवला गेला. २४ मार्च १९८९च्या मध्यरात्री ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ ब्लाय रीफवर चढले. अरुंद वाट संपेपर्यंत टग सोबत होती, मग ती परतली. इथे यंत्र बिघडले नव्हते. वळण घ्यायला उशीर झाला. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडले.

१९९०च्या कायद्याने तिथे आणि प्युजेट साउंडमध्ये एकेरी कवचाच्या मोठ्या तेलवाहू जहाजांना दोन सोबती सक्तीचे केले. पुढे दुहेरी कवचाची जहाजे आली, तेव्हा ही सोबत अनावश्यक ठरू शकली असती. २०१०च्या कायद्याने अलास्काच्या त्या पाण्यात ती दुहेरी कवचालाही लागू केली. कवच टक्कर झाल्यावर कामी येते. टगचे काम त्याआधीचे आहे.