डोंबिवलीचा ओनरशिप फ्लॅट

मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत घर, या जगण्याचं श्रेय आपण लोकलला देतो. पण आगगाडी कल्याणपर्यंत 1854 मध्येच पोचली होती, आणि त्यानंतरही जवळजवळ शतकभर डोंबिवली लहानच राहिली. माझ्या मते नोकरदाराला तिकडे ढकललं ते 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं. त्यानं भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. चाळकऱ्यांना त्याचा खरा आधार मिळाला. नवी चाळ बांधण्यात मात्र मालकाला काही राम उरला नाही. रिकामी खोली मिळे ती पागडी मोजून, आणि लग्न ठरलेल्या कारकुनाजवळ पागडीचे पैसे कुठले?

भाड्यासाठी कोणी बांधेना, म्हणून विकण्यासाठी बांधणं वाढलं. गावदेवीतल्या सारस्वत सोसायटीनं 1915 मध्येच सहकारी घराची वाट दाखवली होती. तिथे आधी सभासद एकत्र आले, मग इमारत उभी राहिली. उपनगरांत हा क्रम उलटला. बिल्डर आधी, इमारत नंतर, सोसायटी सगळ्यात शेवटी. पुढची बहुतेक दुखणी या उलट्या क्रमातून आली.

फसवणुकी इतक्या वाढल्या की राज्याला 1963 मध्ये खास ‘मोफा’ कायदा करावा लागला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरनं पैसे घ्यायचे नाहीत, आगाऊ रक्कम किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त नको, आणि सोसायटी नोंदल्यावर वेगळी मुदत ठरली नसेल तर चार महिन्यांत जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, करून द्यायचं. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वाधिक मोडली गेली ती तीच. लोकांना चावी मिळाली, पाण्याचं कनेक्शन मिळालं, शेअर सर्टिफिकेट मिळालं. जमीन मात्र कागदोपत्री बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहिली. अखेर 2008 मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद आली: बिल्डर सही करत नसेल, तर सोसायटीनं सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावं.

पैशाची सोयही सावकाशच झाली. एचडीएफसी स्थापन झाली 1977 मध्ये. त्याआधी पीएफची उचल, पतपेढीचं कर्ज आणि बायकोचे दागिने, एवढ्यावर घर उभं राही. या घरांत बायकांचं सोनं किती गेलं याची नोंद कुठल्याच करारात नाही. करारावर नाव बहुधा नवऱ्याचंच.

घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा ‘रेरा’ कायदा 2017 मध्ये पूर्णपणे लागू झाला. कार्पेट एरियावरच विक्री, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात, हे नियम चांगलेच आहेत. तरीही याच कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर ‘महारेरा’ या राज्याच्या रेरा प्राधिकरणाची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती निघाल्या, आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. त्यात राहणाऱ्यांनी तर नोंदणी क्रमांक बघूनच विश्वास ठेवला होता. त्यांना निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पालिकेची परवानगी खरी की खोटी हे तपासण्याचं काम सरकारी यंत्रणांचं होतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या चार मजली इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बिल्डरशी बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न कन्व्हेयन्सचाच येतो. ज्या सोसायट्यांनी वर्गणी काढून, हेलपाटे घालून ते पूर्ण करून घेतलं, त्या जमिनीच्या मालक म्हणून बोलतात. बाकीच्यांना आधी मूळ मालकाचे वारस शोधावे लागतात.