पंप बंद पडला तेव्हा

ऑक्टोबर २०१२ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीत होतो. २९ तारखेला सँडी वादळ किनाऱ्यावर आलं आणि वीज गेली. मेणबत्त्या होत्या, खायला होतं, आमचं काही अडलं नाही. अडलं ते दिवाणखान्यातल्या समुद्राचं. मुलाने हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी केली होती, आत जिवंत प्रवाळ आणि चार मासे. पंप थांबला की पाणी हलत नाही, आणि न हलणाऱ्या पाण्यात हवेतला प्राणवायू फारसा मिसळत नाही. प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ उजेडात थोडा तयार करतं. अंधारात तेही बंद, श्वास मात्र सगळ्यांचा चालूच.

अशा वेळेसाठी सेलवरचा छोटा पंप आणून ठेवलेला होता. काढून पाहिला तर सेल गळून आतल्या पट्ट्या गंजलेल्या! वर्षभरात कुणी उघडलाच नव्हता.

मग मुलाने पातेलं घेतलं. टाकीतलं पाणी काढायचं आणि उंचावरून धार धरून परत ओतायचं. आम्ही तिघं आळीपाळीने ओतत होतो. माझा खांदा पंधरा मिनिटांत भरून आला.

भारतात परतल्यावर वाचताना कळलं की आम्ही काही नवीन केलं नव्हतं. मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण ही हकीकत मला ठाऊक नव्हती.

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथे गेल्या होत्या. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत मोठे धर्माधिकारी. तिथल्या खडकांवरचे दगडी प्रवाळ बाईंना इतके आवडले की बरणीत घालून ते त्यांनी लंडनला आणले. प्रवासात आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजाला टाचले होते! समुद्राचं ताजं पाणी रोज कुठून मिळणार? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास. पुढच्या वर्षी बाईंनी समुद्री वनस्पती आणून पाण्यात सोडल्या, टाकी उजेडात ठेवली आणि प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगवले. रॉबर्ट वॉरिंग्टन आणि फिलिप गॉस यांची नावं मत्स्यालयाच्या इतिहासात मोठी आहेत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं मत्स्यगृह १८५३ चं, गॉसचं पुस्तक १८५४ चं. म्हणजे बाई त्यांच्या आधीच्या.

पण ते पाणी ओतत कोण होतं? बाई नव्हेत. बाईंची एक लहान मोलकरीण. ते काम दमवणारं होतं खरं, पण पोरीला त्यात मौज वाटायची, असं बाईंनी १८५९ मध्ये छापलेल्या लेखात लिहून ठेवलं आहे. मौज वाटायची हे बाईंचं म्हणणं. पोरीला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. प्रवाळांनी पिल्लं कशी दिली हे बाईंनी बारकाईने लिहिलं. पोरीचं नाव लिहिलं नाही.

पुढे वाफेची यंत्रं आली. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड याने अंधाऱ्या तळघरात मोठा हौद ठेवला आणि पंपाने पाणी सतत फिरवलं. मग वीज आली. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि हवेचे मोजके बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ ठेवता येतात हे लिहिलं. बुडबुड्यांनाही पंप लागतोच म्हणा.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी वीज आली. दोन मासे गेले, बरेचसे प्रवाळ वाचले. हल्ली दर महिन्याच्या एक तारखेला मुलगा सेल तपासतो. मीही फोनवर विचारतो, "उघडून पाहिलास का रे?" विसरलेला असला की तो आधी हवापाण्याचं बोलतो.