तळटीप : आकड्यामागचे एकक

* वेबपानावरच्या एखाद्या घटकाची रुंदी स्क्रिप्टमधून नुसती २४० अशी दिली, तर ब्राउझर ती मुकाट्याने टाकून देतो. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. पिक्सेलचे संक्षिप्त रूप आकड्याला चिकटूनच हवे, मध्ये जागा सोडली तरी मूल्य बाद होते. पालघरजवळच्या माहीमच्या वाचकाला यातले मर्म चटकन कळेल. वाडीचे क्षेत्र बोलताना गुंठ्यांत सांगतात, सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे नेमके १००. नुसते ‘वीस’ म्हटले, तर २३ चौरस मीटर जमीन अधांतरी राहते.

मूल्य परत वाचताना अधिक जपावे. ते एककासह, मजकुराच्या रूपात हाती येते. त्यात १० मिळवायला गेल्यास बेरीज होत नाही, १० शेपटाला चिकटतात. आधी स्क्रिप्टमधल्या ‘पार्सफ्लोट’ या फलनाने आकडा सुटा करावा, गणित करावे, मग एकक पुन्हा जोडावे. मात्र ‘पार्सफ्लोट’ला देवनागरी अंक कळत नाहीत. सातबाऱ्यावरचे ‘२०.२३’ तसेच दिले, तर उत्तर ‘संख्या नाही’ असे येते. अंक आधी बदलून घ्यावे लागतात. मराठी पाने करणाऱ्याने हे विसरूच नये.

शून्याला आणि पारदर्शकतेला एकक लागत नाही. ओळींतले अंतर तर बिनएककीच द्यावे, म्हणजे अक्षर मोठे केले की तेही वाढते आणि वेलांट्या-उकार एकमेकांत अडकत नाहीत. — संपादक