शाळेतील छळ आणि सोबत्याचा आधार

कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुनी पेठ होय. तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही तेथील वस्त्यांची नावे जुन्या व्यवसायांवरून पडली. अशा जुन्या वस्तीतील शाळांत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकाच बाकावर बसतात. ही शाळेची श्रीमंतीच आहे. परंतु आडनाव, रंग, बोलण्याची ढब, वडिलांचा व्यवसाय किंवा डब्यातील भाजी यांवरून चिडवाचिडवी सुरू झाली, की हेच वेगळेपण एखाद्या मुलाला शाळा नकोशी करते.

छळ म्हणजे काय?

ज्याला आज सर्रास ‘बुलिंग’ म्हटले जाते, ते साधे भांडण नव्हे. भांडणात दोघे तुल्यबळ असतात. छळात मात्र एक बाजू वरचढ असते, दुखावण्याचा हेतू असतो आणि तोच प्रकार पुनःपुन्हा घडतो. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांच्या १९७० च्या दशकापासूनच्या अभ्यासातून ही व्याख्या रूढ झाली. मारहाण, टोपणनावे, खेळातून वगळणे आणि मोबाइलवरील गटात टिंगल करणे ही त्याची नेहमीची रूपे होत. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार, जगातील जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याने मागील महिनाभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास सोसला होता.

बघ्यांचे सामर्थ्य

छळ सहसा शिक्षकांच्या नजरेआड होतो. सोबत्यांच्या नजरेआड मात्र क्वचितच. कॅनडातील टोरांटो येथे संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेले निरीक्षण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ८८ टक्के प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती. मध्ये पडणारी मुले थोडी होती. पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टीना सालमिव्हाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच तत्त्वावर बेतलेला आहे. बघ्यांनी हसणे थांबवले की छळणाऱ्याचा मान जातो.

महाराष्ट्रातील प्रयत्न

पुण्यातील ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५ पासून आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्य करते. दूरध्वनीवर दुःखी माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारे स्वयंसेवक हा तिच्या कार्याचा पाया. हीच ऐकण्याची कला शाळकरी मुलांना शिकवून त्यांना सोबत्यांचे आधार बनवण्याचा उपक्रमही ती राबवते. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांत ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’, ‘कोरो’ आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर स्त्री-पुरुष समता व हिंसा या विषयांवर वर्गकार्य केले. शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगितले. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर अशा समित्या केवळ कागदावर राहून चालणार नाही, हे सर्वांनाच कळून चुकले.

प्रशिक्षणात काय असावे?

पहिला धडा ऐकण्याचा. मध्येच न तोडता, उपदेश न करता, दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. दुसरा सोबतीचा. एकट्या बसलेल्या मुलाजवळ जाऊन डबा खावा, त्याला खेळात घ्यावे. तिसरा नकाराचा. टिंगलीला हसू नये, अपमानकारक संदेश पुढे पाठवू नये. चौथा धडा सर्वांत महत्त्वाचा : आपली मर्यादा ओळखणे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, नकोसा स्पर्श, गंभीर मारहाण यांपैकी काहीही कानी आले, तर ते त्याच दिवशी विश्वासू शिक्षकाला सांगावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन विद्यार्थ्याने कधीही देऊ नये. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने बंधनकारक आहे.

सावधगिरीची गरज

केंब्रिजचे मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी ४४ मूल्यमापने तपासून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. छळविरोधी कार्यक्रमांमुळे छळाचे प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी घटले होते. परंतु मुलांवर औपचारिक जबाबदारी सोपवणाऱ्या कार्यक्रमांत छळ सोसणाऱ्यांचे प्रमाण उलट वाढल्याचेही आढळले. २०२१ च्या पुढील विश्लेषणात मात्र वर्गचर्चेसारखा सोबत्यांचा अनौपचारिक सहभाग आणि पालकांना दिलेली माहिती उपयुक्त ठरल्याचे दिसून आले. मुलाला पोलीस किंवा न्यायाधीश बनवू नये, हा यातील बोध. त्याने सोबती व्हावे. निर्णय मोठ्यांनी घ्यावा. ऐकून ऐकून थकलेल्या त्या मुलाचीही विचारपूस नियमितपणे व्हावी.

पालकांसाठी

अचानक शाळेत जाण्यास नकार, वारंवार पोटदुखी, हरवणाऱ्या वस्तू, गप्पगप्प राहणे या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. ‘तू पण मार’ किंवा ‘दुर्लक्ष कर’ असे सांगून विषय संपवू नये. आपलेच मूल दुसऱ्याला छळत असल्याचे कळले, तर ते झाकू नये, शाळेशी बोलावे. अडचणीतील बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६ हे क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहेत. शाळेच्या पुढील पालकसभेला जाल, तेव्हा गुणांबरोबर एवढेही अवश्य विचारा : येथे एखाद्या मुलाला त्रास झाला, तर त्याने नेमके कोणाकडे जावे? हे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असले पाहिजे.